प्रोजेक्टची फाइल आणि गावाचा हिशेब

मागच्या आठवड्यात दोन पोरं घरी आली. दोघंही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. एक भोर शहरातला, दुसरा वेल्ह्याकडच्या एका वाडीतला, रोज एसटीनं येऊन-जाऊन करणारा. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग मूळ विषय निघाला. "काका, फील्ड प्रोजेक्ट द्यायचाय. ग्रामीण अर्थव्यवस्थेवर काहीतरी. तुमच्याकडं जुना एखादा तयार असेल तर बघा ना."

मी हसलो. रागवायचा मला काही अधिकार नव्हता. पत्रकारितेच्या पदविकेला असताना मीही हेच केलंय. 'ग्रामीण बाजारपेठेचा अभ्यास' असा माझा विषय होता. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीची एक फाइल मिळाली. पहिलं पान बदललं, माझं नाव टाकलं, स्पायरल बायंडिंग केलं आणि दिली. घरी येऊन चाळली तेव्हा कळलं की आत सगळीकडं दुसऱ्याच तालुक्यातल्या गावाचं नाव तसंच राहिलंय. तपासणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तरी ते काही बोलले नाहीत. मार्क मात्र चांगले पडले. आज पंचवीसएक वर्षांनी त्याची लाज वाटते. त्यापेक्षाही जास्त वाटते ती हळहळ. त्या वर्षी मी खरंच एखाद्या आठवडे बाजारात चार आठवडे बसलो असतो, भाव लिहिले असते, कोण कुठून काय घेऊन येतं ते टिपलं असतं, तर आज ती वही सोन्याच्या मोलाची झाली असती. त्या काळातला तो बाजार आता कुणालाच परत बघता येणार नाही.

त्या पोरांना मी फाइल दिली नाही, एक गोष्ट सांगितली. तीच आज इथं जरा सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारं कुणी आहे, त्यांनी वाचावी ही विनंती.

सुरुवात पुण्यातून

१८९२ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एक व्याख्यान दिलं. विषय होता भारतीय अर्थशास्त्र. आपल्याकडं तेव्हा अर्थशास्त्र शिकवायचे ते इंग्लंडच्या पुस्तकांतून. बाजार असा चालतो, मजुरी अशी ठरते, सरकारनं मधे पडू नये, असे नियम त्यात दिलेले असायचे आणि पोरं ते पाठ करायची. रानड्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की हे नियम काही आकाशातून पडलेले नाहीत, ते एका देशाच्या परिस्थितीतून निघालेत. आपला देश वेगळा, शेती वेगळी, जातव्यवस्था वेगळी, कर्जाची रीत वेगळी. तेव्हा आधी आपली परिस्थिती तपासा आणि मग नियम लावा.

हे म्हणणं पटायला सोपं आणि करायला अवघड. परिस्थिती तपासायची म्हणजे गावात जायचं. घरोघर बसायचं. जमीन किती, बैल किती, देणं किती हे विचारायचं. समोरचा माणूस खरं सांगेपर्यंत थांबायचं.

पुणे जिल्ह्यात याचा एक जुना दाखला होता. पेशवाई गेल्यावर लगेचच, १८२० च्या सुमाराला, टॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं लोणी गावाची, म्हणजे आजच्या लोणीकंदची, पाहणी करून ठेवली होती. घरं, माणसं, जमीन, कपडालत्ता, अन्न, कर्ज असं सगळं त्यानं टिपलं. बहुतेक शेतकरी कर्जात होते, हे त्यानं दोनशे वर्षांपूर्वीच नोंदवलंय. पण तो राज्यकर्त्यांच्या बाजूचा माणूस. नवं राज्य कशावर चालवायचं, हे बघायला निघालेला.

मराठीत हे काम केलं त्रिंबक नारायण आत्रे यांनी. महसूल खात्यात नोकरी करता करता जे पाहिलं, त्यावर त्यांनी 'गांव-गाडा' लिहिलं आणि १९१५ साली ते पुस्तक आलं. बलुतेदार, पाटील, कुळकर्णी, सावकार, फिरस्ते या सगळ्यांचे व्यवहार त्यात आहेत. त्यातली सगळी मतं आज पटणार नाहीत. पण गावाचा पैसा कुठून येतो आणि कुठं जातो, हा प्रश्न त्यांनी मराठीत विचारला हे खरं.

पिंपळे सौदागर, १९१७

त्यानंतर दोनच वर्षांनी जे पुस्तक आलं, त्याचं नाव आज अर्थशास्त्राच्या पोरांनाही माहीत नसतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान हे रसायनशास्त्राचे माणूस. आधी आसामात चहावर संशोधन करून आलेले. त्यांनी कॉलेजातल्या सहकाऱ्यांना घेऊन पवनाकाठचं एक गाव निवडलं, पिंपळे सौदागर. होय, तेच पिंपळे सौदागर, जिथं आज तुमची-आमची पोरं आयटीत कामाला लागल्यावर टू बीएचके शोधतात. तेव्हा ते जिराईत-बागाईत शेतीचं १०३ कुटुंबांचं खेडं होतं.

मान यांनी जुनी कागदपत्रं काढली आणि सरासरी खातं किती एकराचं होतं, ते काळाप्रमाणं मांडलं. १७७१ साली ४० एकर. १८१८ मध्ये साडेसतरा. १८२० ते १८४० च्या दरम्यान १४. आणि १९१४-१५ ला फक्त ७ एकर. दीडशे वर्षांत चाळिसाचे सात.

नुसतं खातं लहान झालं एवढंच नाही, त्याचे तुकडेही झाले. १५६ खातेदारांकडं मिळून ७२९ तुकडे होते. त्यातले ४६३ एक एकराच्या आतले आणि ११२ तर पाव एकराच्याही आतले. म्हणजे दहा गुंठ्यांपेक्षा कमी. चार भावांनी वाटणी केली की प्रत्येक शेतातला चौथा हिस्सा प्रत्येकाला, अशी आपली रीत. ती कागदावर आकड्यांत दिसली.

मग त्यांनी कुटुंबांचा जमाखर्च मांडला. खाऊनपिऊन नीट राहायला लागतं तेवढं शेतीतून कुणाला मिळतं? १०३ पैकी ८ कुटुंबांना. आणखी २८ कुटुंबं बाहेरची मजुरी धरून कशीबशी जमवत होती. उरलेली ६७ कुटुंबं, म्हणजे शंभरात पासष्ट, सगळं धरूनही तोट्यात. आणि हे गाव पुण्याजवळचं, हाताला बाहेरचं काम मिळणारं.

"जवळ शहर आहे म्हणून हे असं असेल," असं कुणीतरी म्हणणारच होतं. म्हणून मान आणि त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर यांनी शहरापासून लांबचं, कोरडवाहू असं दुसरं गाव घेतलं. शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. त्याचं पुस्तक १९२१ ला आलं. तिथली अवस्था पिंपळे सौदागरपेक्षाही वाईट निघाली.

हे आकडे कपाटात पडून राहिले नाहीत. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक लेख लिहिला, त्यात या पिंपळे सौदागरच्या पाहणीचा आधार घेतला. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते आणि त्याच वर्षी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागले. सगळे म्हणत होते, जमिनीचे तुकडे जोडा की प्रश्न सुटला. बाबासाहेब म्हणाले, एकर मोजून भागणार नाही. त्या एकरावर बैल-अवजारं किती, भांडवल किती आणि माणसं किती, ते बघा. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं पोसली जातायत, त्यांना दुसरीकडं काम द्या, उद्योग उभे करा, तरच शेती सुधारेल. पुढं १९२७ ला लहान शेतकऱ्यांबाबतचं विधेयक मुंबई कायदे मंडळात आलं, तेव्हाही ते यावर बोलले. आणि १९४७ ला मुंबई राज्यात तुकडेबंदीचा कायदा झाला.

तुकडेबंदी हा शब्द भोर-वेल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दोन-चार गुंठे घ्यायला किंवा विकायला गेलेल्या प्रत्येकाला तो रजिस्टर ऑफिसच्या दारात भेटलाय. त्या कायद्यामागं जी चर्चा झाली, तिचा एक धागा पवनाकाठच्या त्या १०३ घरांच्या वहीपर्यंत जातो.

मद्रासचे विद्यार्थी

पिंपळे सौदागरचं काम प्राचार्यांनी आणि प्राध्यापकांनी केलं. त्याच सुमाराला मद्रासमध्ये हेच काम विद्यार्थ्यांच्या हातात दिलं गेलं. मला सांगायची आहे ती खरी गोष्ट ही.

गिल्बर्ट स्लेटर नावाचे इंग्रज प्राध्यापक १९१५ च्या शेवटी मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्र शिकवायला आले. आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पुस्तकात भारताच्या खेड्याविषयी शिकवण्यासारखं फारसं काही नाही, पण समोर बसलेली पोरं मात्र खेड्यातूनच आलेली आहेत. मग त्यांनी एक प्रश्नावली तयार केली. सुट्टीला घरी जाताना ती घेऊन जा आणि आपापल्या गावाची माहिती लिहून आणा, असं सांगितलं. जमीन कुणाची, कसतो कोण, मजुरी काय, पाणी कुठलं, कर्ज कुणाचं, शेतमाल विकतो कुठं.

पोरांनी लिहून आणलं. काहींचं लिखाण कच्चं होतं, काहींचं फार चांगलं. त्यातून १९१८ ला 'सम साउथ इंडियन व्हिलेजेस' हे पुस्तक निघालं. आणि मजा पुढं आहे. १९३६ च्या सुमाराला पी. जे. थॉमस आणि के. सी. रामकृष्णन यांनी त्याच गावांची फेरपाहणी केली. पुढं १९६० च्या दशकात मार्गारेट हॅसवेल नावाच्या बाई त्यातल्या काही गावांत गेल्या. दक्षिण अर्काट भागातलं, आताच्या विळुप्पुरम जिल्ह्यातलं इरुवेलपट्टू हे गाव तर १९८१ लाही पाहिलं गेलं आणि २००८ लाही. एका गावाची ब्याण्णव वर्षांची गोष्ट, पाच वेळा मोजलेली. सालदारासारखे कर्जात बांधलेले मजूर पहिल्या वहीत आहेत. ते कसे कमी होत गेले, जमीन कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, गावातला माणूस शेती सोडून बाहेर कामाला कसा लागला, हे सगळं त्या पाच पाहण्या एकमेकींशेजारी ठेवल्या की दिसतं.

या सगळ्या साखळीची पहिली कडी कोण? सुट्टीला घरी गेलेली कॉलेजची पोरं. त्यांच्याकडं ना कॉम्प्युटर होता, ना अनुदान. त्यांच्याकडं तीन गोष्टी होत्या. गावातली ओळख, एक प्रश्नावली आणि खरं लिहायची तयारी.

रायरेश्वराच्या पलीकडं

आता परत घराकडं येऊ. १९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी देणगी दिली आणि धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक झाले. गाडगिळांचं स्वतःचं पहिलं मोठं पुस्तक म्हणजे केंब्रिजला विद्यार्थी असताना लिहिलेला प्रबंध. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा. तो १९२४ ला छापला गेला तेव्हा ते पंचविशीच्या आत-बाहेर होते. त्यामुळं विद्यार्थ्यानं केलेल्या कामाची किंमत त्यांना वेगळी सांगायची गरज नव्हती.

या संस्थेनं वाई तालुक्यातल्या शेती व्यवसायाची पाहणी केली, तिचं पुस्तक १९४० ला आलं. वाई म्हणजे काही परका मुलूख नाही. आपला रायरेश्वर चढून पलीकडं उतरलं की वाई. पुढं १९४८ ला गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळं लोकांचा काय आणि किती फायदा झाला, याचा अभ्यास संस्थेनं छापला. आणि दोन वर्षांत त्याच प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. भागाचा अभ्यास केलेला प्राध्यापक आणि तिथला शेतकरी एका टेबलाला बसले. पुढं महाराष्ट्रभर जे सहकारी कारखाने झाले, आपल्या भोर तालुक्यातला राजगड कारखाना धरून, त्यांची वाट तिथून निघते.

लोणीकंद, पिंपळे सौदागर, जातेगाव, वाई. यातली पहिली तीन आपल्याच जिल्ह्यातली, चौथं डोंगराच्या पलीकडचं. या यादीत भोर-वेल्हे कुठं आहे?

एक कारण इतिहासात आहे. आपला मुलूख इंग्रजी अमलाखालच्या जिल्ह्यात नव्हता, पंतसचिवांच्या संस्थानात होता. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड ही आपल्याकडच्या संस्थानी तालुक्यांची नावं. प्रचंडगड म्हणजे तोरणा. आता वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, तेव्हा तरुण पोरांना ते नवीन वाटलं. पण संस्थानच्या दप्तरात राजगड तालुका होताच. मुंबई विद्यापीठाची आणि पुण्याच्या कॉलेजांची पाहणी इंग्रजी जिल्ह्यातल्या गावांवर झाली. संस्थानचं दप्तर वेगळं, कारभार वेगळा. मार्च १९४८ मध्ये भोर विलीन झालं.

दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. आपल्याकडं जे मोजलं गेलं, ते बहुतेक खालच्या लोकांसाठी. भाटघरला वेळवंडीवर आधी एकोणिसाव्या शतकात धरण झालं. मग १९२० च्या दशकात त्याच भागात मोठं लॉइड धरण झालं. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडं. कालव्याखाली ऊस किती वाढला, एकरी उत्पन्न किती झालं, याचे आकडे मिळतात. पानशेत, वरसगाव झाली, पुण्याला पाणी गेलं. पुण्याची तहान किती, याचाही आकडा रोज पेपरात असतो. नंतर नीरा-देवघर झालं, गुंजवणी झालं. या प्रत्येक धरणाच्या वरच्या अंगाला, बॅकवॉटरच्या काठावर जी गावं राहिली, त्यांच्या हिशेबाची वही कुठं आहे? भाताची खाचरं किती गेली, उरलेल्या जमिनीला पाणी उचलायला परवानगी आणि वीज किती जणांना मिळाली, रस्ता फिरून जायला लागल्यानं दूध आणि पोरांची शाळा यांचं काय झालं?

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रश्नावरच्या बैठकीला मी बातमीसाठी बसलो होतो. गावकरी तळमळीनं बोलत होते. एक म्हातारे बाबा उभे राहिले, चांगलं दहा मिनिटं बोलले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण आकडा आहे का काही?" सगळे गप्प. आकडा कुणाकडंच नव्हता. माझ्याकडंही नव्हता, आणि मी इतकी वर्षं त्याच भागात बातमीदारी करत होतो. मी बातमीत 'ग्रामस्थांमध्ये तीव्र नाराजी' असं लिहिलं. आम्ही पत्रकार लोक आकडा नसला की नाराजी लिहितो.

त्या खोलीत त्या दिवशी त्या गावची पाच-सहा कॉलेजची पोरंही होती. त्यांच्यापैकी एकानं जरी दोन वर्षांपूर्वी प्रोजेक्टच्या निमित्तानं शंभर घरं फिरून वही केली असती, तर ती बैठक वेगळी झाली असती. मागणी मान्य झाली असती असं मी म्हणत नाही. पण बाबांना रिकाम्या हातानं खाली बसावं लागलं नसतं.

आता हे काम प्रत्येकाच्या वाट्याला आलंय

आतापर्यंत पदवीच्या पोरांना संशोधनाची संधी फार नव्हती. २००६ पासून राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा सुरू झाली. त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट आहे आणि वाणिज्य, व्यवस्थापन, विधी हा विभागही आहे. पण तिथपर्यंत जाणारी पोरं थोडी.

आता नव्या शैक्षणिक धोरणानं चित्र बदललंय. फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत, म्हणजे तो करावाच लागतो. कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणालाही आहेत. पदवी चार वर्षांची करायची सोय आहे आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. कागदावर बघितलं तर स्लेटर प्राध्यापकांनी सुट्टीला पाठवलेल्या पोरांचं काम आता आपल्या प्रत्येक पोराला दिलंय.

पण गावात काय चाललंय ते आपल्याला माहीत आहे. झेरॉक्सच्या दुकानात फायली तयार आहेत. आता तर तेवढंही लागत नाही. मोबाइलवर विषय टाकला की वीस पानं तयार होऊन येतात, आलेखासकट. त्यात 'सर्वेक्षण केलेल्या ५० कुटुंबांपैकी' असं लिहिलेलं असतं आणि त्यातलं एकही कुटुंब जगात नसतं. माझ्या वेळच्या चोरीत निदान कुठलं तरी खरं गाव होतं!

शिक्षकांनाही नुसता दोष देऊन उपयोग नाही. एकेका शिक्षकाकडं वर्गभर पोरांचे प्रोजेक्ट येतात. सगळे वाचायचे कधी? आणि पोरांचंही खरं आहे. सकाळी कॉलेज, दुपारी शिरवळला नाहीतर खेड शिवापूरला कामाला, रात्री घरी. त्यांना घरोघर फिरायला सांगणं सोपं नाही. म्हणून उपदेश न करता, करता येईल असं काय आहे ते सांगतो.

वेल्ह्याच्या पोराचा विषय

त्या दोघांना मी विचारलं, "तुमच्या घरी भात किती होतो?" वेल्ह्याचा पोरगा म्हणाला, "होतो खाण्यापुरता." मी म्हणालो, खाण्यापुरता म्हणजे किती पोती? लावणीला मजूर किती लागले, त्यांना काय दिलं, घरची माणसं किती दिवस राबली? खत किती? गिरणीवाल्यानं काय घेतलं? इंद्रायणी लावला की आंबेमोहोर? विकला असता तर काय भाव मिळाला असता आणि तोच तांदूळ पुण्यात दुकानात काय भावानं मिळतो?

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "आईला विचारावं लागेल." म्हटलं, हाच तुझा प्रोजेक्ट. आईला विचार, मग शेजारच्या काकूंना, मग वाडीतल्या सगळ्या घरांना. तीस घरं झाली तरी पुष्कळ.

तासाभरात आम्ही तिघांनी मिळून बरेच विषय काढले. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला शनिवार-रविवारी जेवणाची आणि राहायची सोय करणारी घरं, त्यांना हंगामात किती मिळतं आणि पावसाळा सरला की किती. गावातल्या सातबारा आणि फेरफारावरून मागच्या तीस वर्षांत किती जमीन बाहेरच्यांच्या नावावर गेली आणि त्या पैशांचं घरात काय झालं. बचत गटाचं कर्ज आणि आठवड्याला हप्ता घेणाऱ्या कंपन्यांचं कर्ज, एकाच घरात दोन्ही किती. भोरच्या बाजारपेठेतली जुनी दुकानं, त्यांची उधारीची वही आणि मोबाइलवरून पैसे यायला लागल्यावर झालेला बदल. कारखान्यात कंत्राटावर जाणाऱ्या पोरांचा पगार, त्यातून प्रवास आणि जेवण वजा जाता घरी किती येतं. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या साधारण ५४ हजार होती, जिल्ह्यात सगळ्यात कमी. त्यातली किती घरं आता फक्त गणपतीला आणि जत्रेला उघडतात, हा तर एकट्याचाच मोठा विषय.

जुन्या लोकांच्या कामातून मला जे समजलं, त्यावरून चार गोष्टी सांगितल्या. एक, विषय लहान घ्या. 'भारतीय शेतीच्या समस्या' नको, आपली वाडी घ्या. दोन, सगळ्या घरांना तेच प्रश्न तसेच विचारा, तारीख घाला आणि माप स्पष्ट लिहा. आपल्याकडं कुणी पायलीत सांगतं, कुणी पोत्यात, कुणी खंडीत, त्याचे किलो करून ठेवा. तीन, कुणाचं कर्ज किती हे नावासकट छापू नका. घराला नंबर द्या आणि नावांची यादी वेगळी, आपल्याजवळ ठेवा. विश्वास एकदा गेला की पुढच्या वर्षीच्या पोराला कुणी दारात उभं करणार नाही. चार, जे कळलं नाही तिथं 'कळलं नाही' असं लिहा. रकाना भरण्यापुरता आकडा टाकू नका. रिकामा रकाना पुढच्या माणसाला कामाचा असतो, खोटा आकडा त्याला फसवतो.

आणि पाचवी गोष्ट पोरांसाठी नाही, ती आपल्या सगळ्यांसाठी आहे. ही वही कॉलेजात जमा झाली की वर्ष-दोन वर्षांत रद्दीत जाते. म्हणून तिची एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत आणि एक वाचनालयात राहिली पाहिजे. मद्रासच्या पोरांची वही पुस्तकात छापली गेली, म्हणून वीस वर्षांनी कुणीतरी ती उघडून त्याच गावात परत जाऊ शकलं. सरपंच, ग्रामसेवक, वाचनालयाचे पदाधिकारी यांतले बरेच जण ही पोस्ट वाचतात. एक कपाट लागेल, फार खर्च नाही. ग्रामसभेत त्या पोराला दहा मिनिटं बोलू द्या. गावानं आपला हिशेब आपल्याच पोराच्या तोंडून ऐकावा, चुकला असेल तर तिथंच दुरुस्त करावा.

कॉलेजच्या प्राध्यापक मित्रांनाही एक सुचवतो. दरवर्षी पन्नास पोरांना पन्नास विषय देण्यापेक्षा, त्यातल्या दहा जणांना एकाच खोऱ्यातली दहा गावं आणि एकच प्रश्नावली द्या. पाच वर्षांत पन्नास गावं होतील. गुंजवणी खोरं, वेळवंडी खोरं, हिर्डोशी खोरं असं करत गेलो, तर भोर-वेल्ह्याचं जे पुस्तक कुणी बाहेरच्यानं लिहिलं नाही, ते आपली पोरं लिहितील.

जाता जाता वेल्ह्याच्या पोरानं विचारलं, "काका, पण याचे मार्क जास्त मिळतील का?" मी खरं तेच सांगितलं. "कदाचित नाही मिळणार. फायलीला मला चांगले मिळाले होते." तो हसला. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. आईनं हिशेब सांगितलाय, पण घरच्यांची मजुरी धरली तर भात तोट्यात निघतोय, मग ती धरायची की नाही?

मी त्याला लिहिलं, दोन्ही मांड. धरून एक आणि न धरता एक. तू जिथं अडलायस, तिथं तुझ्याआधी शंभर वर्षं मोठमोठे लोक अडलेत. उरलेली एकोणतीस घरं कधी करतोस ते कळव.